घोरता का? : भूलतज्ज्ञाच्या एका प्रश्नाचा मागोवा

ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञाकडे तपासणीला गेलं की प्रश्नांची सरबत्ती ठरलेली. दमा आहे का, रक्तदाबाची गोळी कोणती, कवळी आहे का, जिना चढताना धाप लागते का, याआधी कधी भूल घेतली होती का. या रांगेत अलीकडे एक प्रश्न येऊन बसला आहे: घोरता का? रुग्ण ओशाळं हसतो, नाहीतर ठामपणे ‘छे’ म्हणतो, आणि शेजारी बसलेली बायको नवऱ्याकडे बघत मान हलवते. खरं उत्तर तिच्याकडेच असतं, घोरणारा तर झोपलेला असतो. मग त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो, झोपेत श्वास मध्येच बंद पडतो असं कोणी सांगितलंय का? काही ठिकाणी टेप काढून मानेचा घेरही मोजतात. गुडघा बदलायला आलेल्या माणसाला आपल्या मानेशी यांचं काय काम, हे काही केल्या उमगत नाही.

काम आहे, पण ते वैद्यकाच्या ध्यानात यायला फार काळ गेला. या प्रश्नामागे दोन वेगवेगळ्या कुळी आहेत. एक झोपेत अडखळणाऱ्या श्वासाची, दुसरी मोठ्या ऑपरेशननंतर माणसाला होणाऱ्या भ्रमाची. त्यांची गाठ पडली ती अगदी अलीकडे, विसाव्या शतकाच्या अखेरीस. एवढा उशीर का झाला, याचं माझ्या मते एक साधं कारण आहे. दोन्ही गोष्टी मुख्यतः रात्री घडतात आणि मोठे डॉक्टर राउंड घेतात सकाळी.

भ्रमाची कुळी जुनी. तापात बरळणाऱ्याला आपल्याकडे ‘वात झाला’ म्हणत, आणि आयुर्वेदाने सन्निपाताच्या लक्षणांत प्रलाप धरलेला आहेच. ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांतही तापातलं बरळणं आहे. जखमा आणि शस्त्रक्रियांनंतर येणाऱ्या भ्रमाबद्दल लिहून ठेवलं ते सोळाव्या शतकातल्या आंब्रुआज पारे या फ्रेंच शल्यविशारदाने. रणांगणावर हातपाय कापण्यात त्याचं आयुष्य गेलं. जखम, सडलेला भाग, शस्त्रक्रिया यांच्या वेदनेने आणि तापाने माणूस काही काळ भ्रमिष्ट होतो आणि मग सावरतो, हे त्याने पाहिलं होतं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयात ग्यीयोम द्युपुइत्रां याने ऑपरेशननंतरच्या अशा रुग्णांचं वर्णन केलं. वेदना, भीती, इतकंच काय अतिआनंदही मेंदूला पेलवेनासा होतो, असं त्याचं म्हणणं.

हे दोघंही भूल येण्याआधीचे. बोस्टनला ईथरचं पहिलं गाजलेलं प्रात्यक्षिक झालं ते १८४६ साली. म्हणजे भूल नव्हती तेव्हाही ऑपरेशननंतर माणसं बरळत होती. हे इथेच नोंदवून ठेवलेलं बरं, कारण पुढे सगळं खापर भुलीवर फुटलं. लंडनच्या बेथलेम या मनोरुग्णालयातले जॉर्ज सॅव्हेज यांनी १८८७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लेखच लिहिला, ऑपरेशनसाठी दिलेल्या भुलीनंतर येणाऱ्या वेडाबद्दल. भुलीची औषधं मेंदूवरच काम करतात, तेव्हा संशय त्यांच्यावर जाणं साहजिक होतं.

या कुळीत मला सर्वांत आवडतो तो ऑक्सफर्डचा डॉ. बेडफर्ड. वृद्धांवर उपचार करणारा हा माणूस. त्याच्याकडे येणारे नातेवाईक पुन्हा पुन्हा एकच तक्रार करत, की ऑपरेशन झाल्यापासून आमचं माणूस पूर्वीसारखं राहिलं नाही. दवाखान्यात अशी वाक्यं रोज ऐकू येतात आणि ‘वय झालं’ म्हणून सोडून दिली जातात. बेडफर्डने ती सोडली नाहीत. भूल घेऊन ऑपरेशन झालेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या ११९३ रुग्णांचा त्याने धांडोळा घेतला आणि १९५५ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. काहींच्या बुद्धीवर झालेला परिणाम खरोखरच टिकून राहिलेला होता. दोष त्याने भुलीच्या औषधांना आणि उतरलेल्या रक्तदाबाला दिला, आणि अगदी गरज असल्याशिवाय म्हाताऱ्यांची ऑपरेशनं करू नका असं बजावलं. त्याच्या निष्कर्षांवर नंतर पुष्कळ वाद झाले. पण घरच्यांची तक्रार हा वैद्यकीय पुरावा असू शकतो, हे त्याने मान्य केलं, आणि हा मागोवा पुढे पुन्हा पुन्हा त्याच मुद्द्यावर येणार आहे.

चार वर्षांनी, १९५९ साली, अमेरिकेत जॉर्ज एंगेल आणि जॉन रोमानो यांनी भ्रमाची व्याख्याच बदलली. हृदय कमी पडतं, मूत्रपिंड कमी पडतं, तसाच मेंदूही कधी कधी कमी पडतो, आणि भ्रम म्हणजे तेच. मेंदूच्या विद्युतलहरींचे आलेख त्यांनी काढले होते. रुग्ण भ्रमात असला की लहरी मंदावतात आणि तो भानावर आला की पूर्ववत होतात. मेंदूला ऑक्सिजन किंवा साखर अपुरी मिळाली तरी असंच होतं. श्वासाचा धागा इथे हाताशी आला होता. तो कोणी ओढला नाही, कारण रात्रभर ऑक्सिजन मोजण्याचं सोपं साधन तेव्हा नव्हतं.

मग उघड्या हृदयावरची ऑपरेशनं सुरू झाली आणि भ्रम लपवता येईना. न्यूयॉर्कच्या डोनाल्ड कॉर्नफेल्ड आणि सहकाऱ्यांनी १९६५ साली सांगितलं की हृदयाचं ऑपरेशन झालेल्या प्रौढांपैकी ३८ टक्क्यांना भ्रम झाला. त्यांची एक नोंद फार मोलाची आहे. माणसं भुलीतून बाहेर येत, नीट बोलत, घरच्यांना ओळखत. काही दिवस असे बरे जात आणि मग बिघडत. दोष एकट्या भुलीचा असता तर जाग येतानाच सगळं दिसायला हवं होतं. मधल्या दिवसांत काय घडलं? कॉर्नफेल्ड यांनी बोट दाखवलं ते अतिदक्षता विभागातल्या आवाजाकडे आणि तुटक तुटक झोपेकडे. १९७२ साली एल. एम. विल्सन यांनी तर दोन विभागांची तुलनाच केली. खिडक्या असलेल्या विभागात ऑपरेशननंतर १८ टक्के रुग्णांना भ्रम झाला, खिडकी नसलेल्या विभागात ४० टक्क्यांना. दिवस-रात्र कळेनासं झालं की डोकंही ठिकाणावर राहत नाही. झोप संशयाच्या घेऱ्यात आली ती अशी. झोपेतला श्वास मात्र अजून दूरच होता.

दुसरी कुळी अधिक गमतीची. आपल्याकडे घोरणं हा विनोदाचा विषय. कुंभकर्ण घोरतो, त्याला उठवायला ढोल-नगारे वाजवतात, हत्ती अंगावर घालतात आणि आपण हसतो. घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय, हा समज तर घरोघरी आहे. इंग्रजांचा कुंभकर्ण चार्ल्स डिकन्सने १८३६ पासून हप्त्याहप्त्याने छापलेल्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये भेटतो. जो नावाचा हा लठ्ठ पोऱ्या काम करता करता, उभ्या उभ्या झोपतो आणि घोरतो. डिकन्सला तो हसण्यासाठीच हवा होता. पण पाहिलेलं इतकं नेमकं लिहिलं गेलं होतं, की शंभरेक वर्षांनी डॉक्टरांनी आजाराला त्याच कादंबरीचं नाव दिलं.

ते १९५६ साली, बोस्टनमध्ये. बर्वेल आणि सहकाऱ्यांनी एका लठ्ठ व्यावसायिकाची हकीगत छापली. हा गृहस्थ आठवड्यातून एकदा पत्ते खेळायचा. एका रात्री त्याच्या हातात तीन एक्के आणि दोन राजे आले. पोकरमध्ये असा हात आयुष्यात क्वचित येतो. आणि हा पठ्ठ्या पत्ते हातात धरूनच पेंगला, डाव हुकला. काही दिवसांनी तो रुग्णालयात दाखल झाला. झोपाळूपणा, निळसर पडलेली कातडी, हृदयावरचा ताण अशी लक्षणं त्यांनी टिपली. श्वास थांबत-चालत होता हेही त्या यादीत आहे. पण झोपाळूपणाचं कारण त्यांनी रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये शोधलं. यादीतल्या त्या एका लक्षणात सगळी गोष्ट होती, तिथे कोणी थांबलं नाही.

थांबले ते फ्रान्समधल्या मार्सेयचे आंरी गास्तो. हे मूळचे अपस्माराचे अभ्यासक, त्यामुळे रात्र-रात्र मेंदूचे आलेख काढणं हा त्यांच्याकडचा नित्याचा भाग. अशाच लठ्ठ, झोपाळू रुग्णांच्या मेंदूचा आणि श्वासाचा आलेख त्यांनी एकत्र काढला. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षाने सगळं उलटंपालटं केलं. माणूस झोपला की घसा मिटतो, छाती-पोट ओढ घेतात, हवा आत जात नाही. मग मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, मोठ्याने घोरून श्वास येतो आणि पुन्हा झोप. हे रात्रीत शेकडो वेळा. दिवसा पेंगणारा माणूस रात्री झोपलेलाच नसतो. त्याच वर्षी जर्मनीत फ्रायबुर्गच्या युंग आणि कुहलो यांनाही स्वतंत्रपणे हेच दिसलं. इटलीत बोलोन्याच्या एलिओ लुगारेसी यांनी अशा रुग्णांच्या रात्री अनेक वर्षं तपासल्या. स्टॅनफर्डला गेलेल्या क्रिस्त्यां गियमिनो यांनी १९७६ साली सहकाऱ्यांसह या सगळ्याला ‘स्लीप अॅप्निया’ची चौकट दिली. दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास बंद, ही मोजणी तेव्हापासूनची.

यात भूलतज्ज्ञांना एक टोमणा मारावासा वाटतो. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून घसा बंद होतो आणि जबडा पुढे उचलला की श्वास मोकळा होतो, हे त्यांना १८७० च्या दशकापासून ठाऊक होतं. जर्मनीतल्या एस्मार्क यांच्या नावाने ती युक्ती आजही शिकवली जाते. पुढे आपल्या शेजारी, निजामाच्या हैदराबादेत, १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्मच्या चौकशीसाठी दोन आयोग बसले. त्यांचा आग्रह हाच होता की भूल देणाऱ्याने नाडीपेक्षा श्वासावर नजर ठेवावी. टेबलावरच्या झोपेत श्वास सांभाळणारी ही मंडळी घरच्या झोपेत तोच घसा तसाच मिटत असेल, हा विचार करायला शतकभर थांबली.

निदान झालं, पण उपाय भयंकर होता. गळ्याला भोक पाडून नळी घालायची. कुहलो यांनी १९६९ साली तो करून दाखवला आणि तो रामबाण ठरला, पण जन्मभर गळ्यात नळी कोण वागवणार? सिडनीत कॉलिन सुलिवन यांच्यासमोर १९८० च्या जूनमध्ये असाच एक रुग्ण होता. सुलिवन यांनी त्याच्या नाकाला मास्क बसवला आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारीने नळीतून सतत हवा सोडली. पाण्याच्या पाच ते दहा सेंटिमीटर उंचीइतका तो दाब, म्हणजे फार नव्हेच. तेवढ्याने घसा मिटायचा थांबला आणि माणूस रात्रभर शांत झोपला. १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांची हकीगत आली. आज ‘सीपॅप’ म्हणून औषधांच्या दुकानात भाड्याने मिळणाऱ्या यंत्राचा हा पूर्वज.

आता दोन्ही कुळींची गाठ. ती पडली ती बोटाला लावायच्या चिमटीमुळे. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली पल्स ऑक्सिमीटरचं तत्त्व मांडलं, आणि बोटातून लाल प्रकाश सोडून रक्तातला ऑक्सिजन सतत मोजता येऊ लागला. कोविडच्या काळात घराघरांत पोचलेली तीच ही चिमटी. १९८५ साली इंग्लंडमध्ये कॅटली आणि सहकाऱ्यांनी मोठ्या ऑपरेशननंतरच्या ३२ रुग्णांच्या ऑक्सिजनवर सलग पाळत ठेवली. निम्म्यांना वेदनेसाठी मॉर्फिन चालू होतं, निम्म्यांची फक्त तेवढी जागा बधिर केलेली होती. मॉर्फिनच्या गटात दहा रुग्णांचा ऑक्सिजन मिळून ४५६ वेळा ८० टक्क्यांच्या खाली गेला, दुसऱ्या गटात एकदाही नाही. आणि हे सगळे प्रसंग रुग्ण झोपलेले असतानाचे होते. जागेपणी तपासून बघा, तर आकडा ठणठणीत.

मग कॅनडाच्या नील यांनी १९९० साली पोटाच्या ऑपरेशननंतरची झोप रात्रीमागून रात्र नोंदवली. झोपेचा एक टप्पा असतो, त्यात बंद पापण्यांखाली डोळे फिरतात, स्वप्नं पडतात आणि अंगाचे स्नायू पार सैल पडतात. घशाचेही. ऑपरेशननंतर पहिल्या रात्री-दोन रात्री हा टप्पा जवळजवळ नाहीसा होतो. आणि मग दुसऱ्या ते चौथ्या रात्रीच्या सुमारास तो थकबाकी वसूल करायला आल्यासारखा दुपटीने परततो. कोपनहेगनमध्ये याकोब रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांना याच रात्री ऑक्सिजन खाली जाताना दिसला. आकरलुंड आणि रोझेनबर्ग यांनी १९९४ साली आणखी पुढे जाऊन ऑपरेशननंतर भ्रम झालेल्या रुग्णांवर ऑक्सिजनचा उपचार केल्याची हकीगत छापली. कॉर्नफेल्ड यांच्या रुग्णांचे मधले बरे दिवस आणि नंतरचा बिघाड यांचा हिशेब तीसेक वर्षांनी असा लागू लागला.

ती तिसरी रात्र जरा जवळून बघू. बाबांचं ऑपरेशन चांगलं झालंय. आयसीयूतून खोलीत आणलंय, बोटावरची चिमटी काढलीय, मॉनिटर नाही. वेदनेची औषधं चालू आहेत, टाक्यांमुळे कुशीवर वळता येत नाही म्हणून उताणे झोपलेत. उताणं झोपलं की जीभ मागे पडते, औषधाने घसा आणखी सैल होतो आणि ‘दुखतंय तरी झोप लागली’ म्हणून सोबतीचा मुलगा निर्धास्त होतो. पहाटे दोनला बाबा उठून बसतात. सलाईनची नळी ओढतात, चादरीवर काहीतरी चाचपडतात, पडद्याकडे बोट दाखवून ‘त्या माणसाला बाहेर काढा’ म्हणतात. मुलाला ओळखत नाहीत. धावपळ होते, शांत करायला झोपेचं इंजेक्शन दिलं जातं. त्याने ते गप्प होतात, पण घसा आणखी मिटतो. सकाळी राउंडच्या वेळी बाबा डॉक्टरांना नमस्कार करतात, बरंय म्हणतात. मुलगा रात्रीचं सांगू लागतो तर ‘होतं असं या वयात’.

सगळे भ्रम इतके आरडाओरडा करणारे नसतात. येलच्या शॅरन इनॉय यांनी १९९० साली भ्रम ओळखायची एक पद्धत दिली. बदल अचानक झाला आहे का आणि तो कमीजास्त होतो का, लक्ष एका जागी टिकतं का, बोलणं विस्कळीत आहे का, शुद्ध नेहमीसारखी आहे का. पहिल्या दोन गोष्टी हव्यातच, आणि उरलेल्यांपैकी एक. रविवारपासून वार उलटे म्हणायला सांगितले तरी पुष्कळ कळतं. भ्रमातला माणूस शनिवार, शुक्रवारपर्यंत जातो आणि हरवतो. या पद्धतीमुळे गप्प पडून राहणारे, जेवण न मागणारे, ‘काही त्रास देत नाहीत’ म्हणून कौतुक होणारे रुग्णही भ्रमात असतात हे उघड झालं. आणि ‘पूर्वी असे नव्हते’ हे सांगणारं घरचं माणूस निदानाचा भाग झालं. बेडफर्डला हे आवडलं असतं.

घोरणाऱ्यांचं ऑपरेशननंतर काय होतं, याचा पहिला ठसठशीत हिशेब मेयो क्लिनिकमधून २००१ साली आला. खुबा किंवा गुडघा बदललेल्या १०१ स्लीप अॅप्नियाच्या रुग्णांची तेवढ्याच इतरांशी तुलना केली, तर गुंतागुंत ३९ टक्क्यांना, इतरांत १८ टक्क्यांना. पण स्लीप अॅप्निया असलेल्या बहुतेकांना तो आहे हेच माहीत नसतं, आणि प्रत्येकाला रात्रभर तारा लावून झोपवणं परवडणारं नाही. टोरंटोच्या भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चुंग यांनी यावर तोडगा काढला आणि २००८ साली आठ मुद्द्यांची प्रश्नावली दिली. घोरणं, दिवसाचा थकवा, कोणी पाहिलेला श्वासाचा खंड, रक्तदाब, लठ्ठपणा, पन्नाशी, चाळीस सेंटिमीटरवरची मान, पुरुष असणं. तीनहून कमी असतील तर धोका कमी, पाच किंवा जास्त तर मोठा. तुमच्या भूलतज्ज्ञाच्या हातातली टेप तिथून आली. त्याच चुंग यांनी २०१४ साली दाखवलं की ऑपरेशननंतर झोपेतले श्वासाचे अडथळे वाढतात आणि तिसऱ्या रात्री कळस गाठतात.

भ्रमाशी थेट सांधा जुळवला तो २०१२ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या अभ्यासाने. गुडघा बदललेले पासष्टीपुढचे १०६ जण, कोणालाही स्मृतिभ्रंश नाही. स्लीप अॅप्निया असलेल्या १५ पैकी ८ जणांना भ्रम झाला, नसलेल्या ९१ पैकी १९ जणांना. दोन वर्षांनी जर्मनीतून हृदयाच्या ऑपरेशनचा अभ्यास आला. ज्यांचा श्वास झोपेत तासाला १९ किंवा अधिक वेळा अडखळत होता, त्यांना भ्रमाचा धोका जवळपास सहापट. इथे कोणालाही वाटेल, कोडं सुटलं. मास्क लावा, भ्रम टळला.

तसं झालं नाही, आणि हे सांगितलं नाही तर मागोवा अर्धाच राहील. २०१७ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत स्लीप अॅप्नियाचा धोका असलेल्या ११४ जणांपैकी काहींना सीपॅप दिलं, काहींना नाही. सीपॅपच्या गटात ५८ पैकी १२ जणांना भ्रम झाला, दुसऱ्या गटात ५६ पैकी ९ जणांना. फायदा दिसला नाही. बऱ्याच जणांनी मास्क पुरेसा वेळ लावलाच नव्हता, ही पळवाट आहे, पण ती खरीही आहे. टाके दुखत असताना तोंडावर नवं यंत्र बांधून झोपणं सोपं नाही. पुढे सेंट लुईसमध्ये आयसीयूतल्या सात हजारांहून जास्त रुग्णांची जुनी कागदपत्रं तपासली, तर स्लीप अॅप्निया आणि भ्रम यांचा संबंधच आढळला नाही. ऑक्सिजनच्या सिद्धान्ताला याआधीही ठेच लागली होती. १९९८ सालच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात साठीपुढच्या १२१८ रुग्णांची स्मरणशक्ती ऑपरेशनआधी आणि नंतर तपासली. आठवड्याने २५.८ टक्के आणि तीन महिन्यांनी ९.९ टक्के जण मागे पडलेले होते, पण ऑक्सिजन उतरण्याशी त्याचा मेळ बसला नाही. तिथे मोजलेली गोष्ट भ्रम नव्हे, बुद्धीची घसरण होती, तरी हा निकाल बाजूला सारता येत नाही.

माझं मत असं की भ्रमाला एक कारण नसतंच. वय, आधीचा स्मृतिभ्रंश, जंतुसंसर्ग, वेदना, औषधं, तुंबलेली लघवी, मोडलेली झोप, यांच्या ओझ्यात अडखळणारा श्वास आणखी भर घालतो. आयसीयूतल्या फार आजारी माणसाच्या बाबतीत ती भर इतरांखाली दडून जाते, गुडघ्याच्या धडधाकट रुग्णात ती दिसते. म्हणून ‘घोरता का’ या प्रश्नाचं उत्तर भ्रमाचं भाकीत सांगेल असं नाही. भुलीच्या आणि वेदनाशामक औषधांचं प्रमाण किती ठेवायचं, मॉनिटर किती रात्री ठेवायचा, झोपेचं इंजेक्शन टाळायचं का, हे ठरवायला ते निश्चित उपयोगी पडतं, आणि तेवढंही पुष्कळ आहे.

हा आजार परदेशातल्या लठ्ठांचा, असं कोणी समजू नये. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास ३५ ते ६५ वर्षांच्या, साध्या आरोग्य तपासणीला आलेल्या पुरुषांचा होता. त्यांत १९.५ टक्क्यांचा श्वास झोपेत अडखळत होता आणि ७.५ टक्क्यांना दिवसाच्या झोपाळूपणासह पूर्ण आजार होता. आशियाई चेहऱ्याच्या ठेवणीमुळे आपल्याकडे बेताच्या वजनाची माणसंही यात सापडतात, त्यामुळे ‘मी कुठे लठ्ठ आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. बायकांनी ‘मी नाही घोरत’ म्हणून हा प्रश्न झटकू नये. पाळी गेल्यानंतर त्यांच्यातही प्रमाण वाढतं, आणि नवरा गाढ झोपलेला असेल तर साक्षीदारच नसतो.

आपल्या रुग्णालयांत एक सोय आहे, तिची किंमत आपण करत नाही. रात्री रुग्णाशेजारी घरचं माणूस असतं. त्या माणसाला काय बघायचं हे कोणी सांगत नाही, इतकंच. तेव्हा ऑपरेशन ठरलं तर तपासणीला एकटे जाऊ नका, शेजारी झोपणाऱ्याला बरोबर न्या. झोपेची गोळी किंवा संध्याकाळचा पेला घेत असाल तर तेही सांगा, लाजू नका. सीपॅप यंत्र असेल तर ते रुग्णालयात न्या आणि पहिल्या रात्रीपासून लावा. चष्मा आणि कानाचं यंत्र जवळ ठेवा. इनॉय यांनी १९९९ साली ८५२ वृद्ध रुग्णांवर दाखवलं की नीट दिसणं, नीट ऐकू येणं, पाणी, चालणं आणि रात्रीची शांत झोप एवढ्यावर लक्ष दिलं तर भ्रमाचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ वर येतं. मास्कच्या चाचणीला जे जमलं नाही, ते चष्म्याने आणि चालण्याने जमवलं. आणि रात्री बाबा बरळले तर सकाळी डॉक्टरांना सांगायला विसरू नका, ‘होतं असं’ म्हणाले तर पुन्हा सांगा.